दानेश्वरीची तहान

दानेश्वरीला तहानेची भीती वाटायची. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी कुणाला तहान लागत नाही? पण हिच्या घशाला कोरड पडली की ही धास्तावायची, आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीचं, उत्कर्षाचं, सगळं तहानेनंच सुरू झालं होतं. उत्कर्षा तेव्हा सहावीत. तांब्यावर तांब्या रिचवायची, सारखी लघवीला जायची आणि पोटभर जेवूनही वाळत चाललेली. "उंच होतीय की पोरगी," आई, चंद्रव्वा, म्हणायची. मग एका रविवारी अक्कलकोटहून दर्शन करून येताना एसटीतच तिला उलट्या सुरू झाल्या. धाप लागली. तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. स्टँडवर उतरायची वेळ आली तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. तिचं डोकं दानेश्वरीच्या मांडीवर होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा लहान वयात होणारा मधुमेह आहे. हिच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही. आता ते रोज टोचून द्यावं लागेल, कायमचं."

चिंचोळी एमआयडीसीत फिटर असलेले वडील, रेवणसिद्ध, भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. चंद्रव्वा पुनःपुन्हा विचारत होती, "गोड लई खाल्ली म्हणून झालं का ओ बाई?"

"नाही हो. यात कुणाची चूक नाही." मग सहज बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "भावंडांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा किंचित जास्त असते. लक्ष ठेवा, एवढंच."

आईवडिलांना हे वाक्य ऐकू तरी आलं की नाही, कोण जाणे. दानेश्वरीनं मात्र ते घरी आणलं.

घर बदललं. जेवणाआधी बोट टोचायचं, यंत्रावरचा आकडा बघायचा, मग पोटात सुई, आणि मग ताट. शाळेतून फोन आला की चंद्रव्वाच्या हातातलं पीठ तसंच राहायचं. तिनं लग्नकार्याला जाणं सोडलं. मामी येऊन दबक्या आवाजात सांगून गेली, "बाहेर बोलू नका. पोरीच्या जातीला पुढं अवघड जातंय." दानेश्वरीला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळत होता. तिनं आपणहूनच तो नाकारला आणि गावातल्याच कॉलेजात नाव घातलं. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. पण जा असंही कुणी म्हटलं नाही.

मग उन्हाळा आला आणि तिला तहान लागली. दुसरा पेला भरताना तिचा हात थांबला. त्या संध्याकाळी न्हाणीघरात जाऊन तिनं उत्कर्षाच्या यंत्रावर स्वतःचं बोट टोचलं. आकडा बरोबर आला. सुटल्यासारखं वाटलं, ते जेमतेम सकाळपर्यंत. सकाळी पुन्हा टोचलं. हळूहळू तिनं पाणीच कमी केलं. पाणी प्यायलं नाही तर तहानेचं मोजमाप करावं लागणार नाही, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. एमएस्सी करणाऱ्या मुलीला यातला वेडेपणा कळत नव्हता असं नाही. कळत होता, आणि तरी पेला तोंडाला लागत नव्हता.

यंत्राच्या पट्ट्या वेळेआधी संपायला लागल्या. चंद्रव्वानं उत्कर्षाला धरलं. "खेळ करालीस व्हय त्याच्याशी?"

"अव्वा, शप्पथ, मी नाही गं!"

दानेश्वरी तिथंच उभी होती. तिला बोलायचं होतं, पण समोर आईचा ओढलेला चेहरा होता. हिच्या डोक्यावर आणखी एक ओझं कसं टाकायचं?

दोन-चार दिवसांनी ती दुपारची कॉलेजातून चालत आली. दारात चपला काढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती उंबऱ्यातच कोसळली. घरात उत्कर्षा एकटीच होती. तिनं अक्काला ओढत सावलीत घेतलं आणि सवयीनं यंत्र काढलं. टोचायला बोट धरलं, तर बोटांच्या कडांना बारीक काळे ठिपके. तसेच ठिपके तिच्या स्वतःच्या बोटांना होते.

आकडा ठीक आला. उत्कर्षानं शेजारच्या बसव्वा काकूंना हाक मारली, अक्काच्या तोंडावर पाणी मारलं, आणि तिनं डोळे उघडल्यावर रडतच विचारलं, "अक्का, तुला पण झालंय का? मला का नाही सांगितलीस?"

"नाही गं. झालं नाही," दानेश्वरी पुटपुटली. "होईल असं वाटतंय. रोज वाटतंय."

"मग पाणी पी की आधी! ओठ बघ कसे झालेत."

काकूंनी मीठसाखरेचं पाणी केलं. चंद्रव्वा बाजारातून आली तेव्हा उत्कर्षानं तिला सगळं सांगून टाकलं. चंद्रव्वा थोरलीजवळ बसली, तिची बोटं उलटीपालटी करून बघत राहिली. "तुला काय होतंय, ते मी इचारलंच न्हाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या तपासणीला त्या तिघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी या वेळी दानेश्वरीला एकटीला आत बसवलं. तिची रक्ततपासणी केली, ती चांगली आली. "रोज टोचायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "पण ही भीती एकटीनं काढण्यासारखी नाही." त्यांनी तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. दानेश्वरी अजून तिथं जाते. भीती गेलेली नाही. उत्कर्षा दुपारची जरा जास्त झोपली तरी ही तिला हलवून उठवते.

फरक पडला तो एवढाच की ती आता बोलते. परवा जेवताना ती घास हातात घेऊन थांबली. रेवणसिद्धनी विचारलं, "काय झालं गं?"

"भ्या वाटतंय, अप्पा."

रेवणसिद्धनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला बी. कंपनीत फोन वाजला की हातातला पाना खाली पडतोय बघ."

चंद्रव्वानं दोघांच्या ताटात आमटी वाढली.