टोपीखालचा माणूस

रविवार, २३ नोव्हेंबर. तुळशीचं लग्न झालं, आता माणसांची सुरू होतील, म्हणून आज सकाळपासून अंगणात मोठी भांडी काढली आहेत. दोघीजणी कढया घासताहेत आणि मी गंजांचे, म्हणजे मोठ्या पातेल्यांचे, कान हलवून बघते आहे; गेल्या हंगामात एकाचा कान गरम वरणासकट सुटला होता. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राहते आणि लग्नकार्याचा स्वयंपाक करून देते. हात खरकटे असताना मी फोन घेत नाही, पण आर्वीहून पल्लवीचा होता म्हणून घेतला.

"काकू, उद्या नागपूरले येता का? कॅमेरा घ्याचा हाये. आईचा जुना आता दुरुस्त होत नाई म्हन्ते."

"मले काय समजते कॅमेऱ्यातलं?"

"आईसंगं तुमीच गेलत्या न मागं. घरच्यायनं सांगितलं, हा एक सीझन करून पाह्य, नाई जमलं त दुकानाचं शटर मोबाईलवाल्याले भाड्यानं देऊन टाकू. मी नुसते व्हिडिओच पाहून राह्यली. एक म्हन्ते हा घे, दुसरा म्हन्ते हा घेतला त फसले. अन् आपलं बजेट त तुमाले माहीत हाये."

येते म्हटलं आणि फोन ठेवला. पल्लवी ज्यांना आई म्हणते त्या तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या शूटिंगबाई. आर्वी तालुक्यात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. लग्नपत्रिका वाटायला निघालेली माणसंही विचारायची, "शूटिंगबाईले तारीख सांगितली का?"

लग्नाच्या घरी पोहोचलं की बाकीचे शूटिंगवाले आधी नवरीच्या खोलीकडे धावतात. शूटिंगबाई आधी माझ्या भट्टीपाशी यायच्या. बॅग ठेवायच्या, कारण भट्टीजवळ कुणी ना कुणी कायम जागं असतं, आणि तयार असेल ते खाऊन घ्यायच्या. मग मांडवाच्या कडेला कपाळावर हात धरून उभ्या राहायच्या आणि पांढरी टोपी शोधायच्या. कुठलीही. एक सापडली की तिच्यावर कॅमेरा लावून काहीतरी खटपट करायच्या, आणि मगच नवरीकडे जायच्या. मी एकदा विचारलं, नवरी राहिली की.

"नवरी काई पळून नाई जात," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठीच त मांडव हाये. म्हातारे मात्र ऊन सरकलं का सरकते."

बस डेपोजवळ त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ. त्यांची पाठ धरली तेव्हापासून ते काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो काढायला लागले आणि बाईंनी पदर खोचून व्हिडिओ हातात घेतला. उंच, आवाज मोठा, साडीखाली पांढरे बूट. नम्रपणा औषधालाही नाही. नवरीच्या आईला तोंडावर सांगायच्या, "माह्यासारखी शूटिंग या तालुक्यात कोनाची नाई." कुणी भावात घासाघीस केली तर म्हणायच्या, "मंग मोबाईलवर काढा न. नवरदेवाच्या दोस्ताले सांगा. थो दिवसभर नवरदेवालेच काढन." माणसं हसायची आणि तारीख पक्की करायची.

टेपचा कॅमेरा जुना झाला, टेपाच मिळेनात, तेव्हा त्यांच्यासोबत मी नागपूरला गेले ती गोष्ट पल्लवीच्या ध्यानात आहे. मला एक मोठी कढई घ्यायची होती, एसटीत सोबत झाली. वाटेत मी म्हटलं, ताई, एकदाच चांगला महागाचा घेऊन टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वरणात साखर घातली.

"महागाचा घेतला त मी दिवसभर त्यालेच सांभाळीन. लग्न कोन पाहीन? धूळ हाये, तुह्या भट्टीचा धूर हाये, पोट्टे हायेत. मले असा पाह्यजे का खराब झाला त रडू येऊ नये."

दुकानातला विक्रेता केसांना जेल लावलेला, बोलण्यात पटाईत. त्यानं मेगापिक्सेल सांगितले, फुल एचडी सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मंगलाष्टकाच्या मधात बंद पडते का हा?"

तो हसला. मग खरं सांगावं लागलं त्याला. फोटोचे काही कॅमेरे व्हिडिओ घेतात, पण अर्धा तास व्हायच्या आत आपोआप थांबतात. काही उन्हात तापले की थांबतात.

"आमच्याइथं आत्या, मावशी, मामी, साऱ्याजनी आपापलं मंगलाष्टक म्हन्ते. कोनाच्या मधात थो बंद पडला त माह्यं दुकान बंद पडन. अन् ऊन म्हनशीन त वर्ध्याचं. मे महिन्यातलं. थे सारे उचल."

निम्मे कॅमेरे आत गेले. मग त्यानं अभिमानानं एक महागातला काढला, माझ्यावर रोखला आणि पडद्यावर दाखवला. मी लख्ख दिसत होते आणि माझ्यामागची माणसं, काउंटर, पंखा, सगळं विरघळलेलं. "देखिये मॅडम, बॅकग्राउंड कैसा ब्लर होता है. आजकल शादी में सबको यही चाहिये."

बाईंनी पडदा निरखून पाहिला. "मांगचे लोक पुसून टाकते हा."

"वही तो खासियत है."

"मांगचे लोक म्हंजे कोन, भैया? पोरीचा बाप राह्यते मांगं. तिचे काका, गावचे लोक, वाढनारे. सारं लग्न त मांगंच राह्यते." आणि तो कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हातानं परत पेटीत ठेवला.

उरले ते तीन-चार साधे. तेव्हा बाईंनी बॅगेतून पांढरी टोपी काढली. मी लगेच ओळखली; माझ्या वाढप्यांच्या गठ्ठ्यातली होती आणि मला न विचारता नेलेली होती. ती त्यांनी त्या मुलाच्या जेल लावलेल्या केसांवर घातली, त्याला दुकानाबाहेर फुटपाथवर भर उन्हात उभं केलं आणि एकेक कॅमेरा त्याच्यावर लावला.

मला तिथं कळलं ते असं. पांढऱ्या टोपीवर ऊन पडतं आणि टोपीखाली सावली. स्वस्त कॅमेऱ्याचा इथं गोंधळ उडतो. तो टोपी सांभाळतो, तेव्हा खालचा चेहरा काळा गोळा होतो. चेहरा सांभाळतो, तेव्हा टोपी नुसता पांढरा डाग होते. बाईंचे शब्द ठरलेले होते. "टोपी जळली," त्या म्हणायच्या, किंवा "मानूस बुडाला." पहिल्या कॅमेऱ्यात टोपी जळली. दुसऱ्यात माणूस बुडाला. तिसऱ्याचा पडदा त्यांनी पदराची सावली करून पाहिला. मग रस्त्यानं भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईला त्यांनी थांबवलं आणि पडदा तिच्यापुढे धरला.

"माय, हा पोट्टा कसा दिसते तुले?"

ती बाई बघून म्हणाली, "कटाळला हाये बिचारा. याले घरी जाचं हाये."

"हाच बांध," बाई म्हणाल्या. तो मुलगा टोपी घातलेलाच हसायला लागला. टोपीखालचा माणूस अनोळखी माणसाला कळला की कॅमेरा पास, एवढीच त्यांची परीक्षा होती.

मला तेव्हा तो एक चक्रमपणा वाटला होता. तो नव्हता, हे कळायला एक लग्न यावं लागलं. आर्वीच्या पलीकडे एका गावातलं, दुपारी बाराचं लग्न. मुलीनं स्वतः पसंत केलेला मुलगा, त्यामुळे बापानं घरात बोलणं टाकलेलं. मांडव घातला भावांनी, कन्यादान काका-काकूंनी केलं. बाप आलाच नाही, असं सगळे म्हणत होते. मुलगी बोहल्यावर उभी राहिली ती मान खाली घालून. मला हे सगळं नंतर बाईंकडून कळलं. मंगलाष्टकाच्या वेळी मी मांडवाबाहेर भट्टीवर होते, आणि पुऱ्या तळताना मला लग्न दिसत नाही, तेल दिसतं.

एवढं आठवत होतं की टोपीवाला एक म्हातारा भट्टीपाशी आला आणि त्यानं माझ्या तांदळाच्या पोत्यात हात घातला. मी खेकसले, "दादा, भात शिजून राह्यला, कच्चे काऊन नेता?" तो मूठ मिटून बाजूला उन्हात जाऊन उभा राहिला. मी पुढची पुरी सोडली.

महिनाभरानं बाईंनी मला स्टुडिओत बोलावून ते लग्न दाखवलं. मंगलाष्टकं बाईंनी बोहल्याच्या मागून घेतली होती. पुढे सावलीत अंतरपाटाच्या दोन बाजूंना ती दोघं, मुंडावळ्या, पाहुण्यांची गर्दी. त्याच्यापलीकडे मांडवाची उघडी बाजू, माझा धूर, आणि धुराच्या कडेला उन्हात एक पांढरी टोपी. गुरुजींनी सावधान म्हटलं की मांडवातले सगळे हात वर व्हायचे आणि बाहेरचा तो एक हातही वर व्हायचा. तो तिथूनच अक्षता टाकत होता. त्याच्यात आणि मुलीत अख्खं वऱ्हाड होतं. तांदूळ त्याच्याच पायाशी पडत होते. आणि आत्या, मावशी, मामी एकामागून एक गात होत्या, पण त्याची मूठ संपत नव्हती, कारण तो दर वेळी दोन-चारच दाणे सोडत होता. मूठभर तांदळात त्यानं पोरीचं लग्न शेवटपर्यंत पुरवलं. एकदाच, शेवटच्या मंगलाष्टकाला, बाईंनी कॅमेरा जवळ नेला होता. टोपी जळलेली नव्हती. खाली चेहरा होता, ओठ हलत होते. तो गुरुजींबरोबर मंगलाष्टक म्हणत होता.

तांदूळ माझ्याच पोत्यातले होते. मी ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. उभ्यानं पाहिलं. महागाच्या त्या कॅमेऱ्यात हा माणूस धूर झाला असता आणि दुसऱ्या कुठल्याही स्वस्तातल्या कॅमेऱ्यात काळा गोळा. मला आजवर कशाचं फारसं आश्चर्य वाटलेलं नाही, त्या दिवशी वाटलं.

"तुमाले तवा माहीत होतं थो बाप हाये म्हनून?"

"मले काय मालूम. मी टोपी पाहून राह्यलती."

एडिटिंग करणारा मुलगा वर्ध्याचा. त्याला बाहेरचा भाग कापून फक्त नवरानवरी मोठे करायचे होते. बाईंनी त्याला सांगितलं, "थो मानूस कापला त पुढचं काम दुसऱ्याले." मुलगी पेनड्राइव्ह न्यायला आली तेव्हा त्यांनी तिला यातलं काहीही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "एकटीनं पाह्यजो."

पुढचं मला कसं कळलं ते सांगते. वर्षाच्या आत त्याच गावातून एक गृहस्थ माझ्याकडे डोहाळजेवणाचा स्वयंपाक सांगायला आले. मुलगी माहेरी आली आहे म्हणाले. काय काय करायचं ते ठरलं, चहा झाला, ते उठले, टोपी सारखी केली आणि दारातून म्हणाले, "बाई, या खेपेस तांदूळ जास्त आनजा. मांगच्या खेपेस मूठभर मी नेले होते."

पुढच्याच लग्नात भट्टीपाशी शूटिंगबाईंना मी हे सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि ताटात आणखी एक जिलेबी मागितली.

या पावसाळ्यात त्या गेल्या. छातीत दुखतं म्हणून सावंगीच्या दवाखान्यात नेत होते, वाटेतच आटोपलं. तेरवीचा स्वयंपाक मी केला. पल्लवी म्हणाली, काकू, घटकाभर आत बायांत येऊन बसा. मी म्हटलं, तेल तापलं आहे. वडे होते, रडत बसायला वेळ नव्हता.

आता पल्लवी मला कॅमेऱ्याचं मॉडेल विचारते आहे. मला एकही आठवत नाही. आठवते ती टोपी, आणि ती बाईंच्या बॅगेत आहे की घरच्यांनी कुणाला देऊन टाकली ते पल्लवीलाही ठाऊक नाही. कढया घासून झाल्या आहेत. पालथ्या घालून उन्हात ठेवल्या.

सोमवार. सकाळी वाढप्यांच्या गठ्ठ्यातून एक टोपी काढली, इस्त्री केली आणि पिशवीत टाकून सहाची एसटी धरली. दुकान तेच, विक्रेता नवा. अर्ध्या तासाचं विचारलं, तापण्याचं विचारलं, मागचं पुसणारे परत केले. दोन उरले. टोपी पुढे केली तर त्यानं नकार दिला; केस नुकतेच सेट केलेत म्हणाला. मग मीच ती घातली आणि फुटपाथवर उन्हात जाऊन उभी राहिले. येणारेजाणारे हसत होते. हसू दे म्हटलं.

पहिल्यात मी बुडाले. दुसरा लावून पल्लवी पडदा इकडून तिकडून बघायला लागली. मी म्हटलं, अनोळखी माणसाला विचार. एक म्हातारी बाई छत्री घेऊन चालली होती, तिला तिनं थांबवलं.

"आजी, या कशा दिसते तुमाले?"

म्हातारीनं पडदा डोळ्यांजवळ नेला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"या बाईचं कोनी गेलं का?"

मी टोपी काढली, घडी घालून पल्लवीच्या बॅगेत ठेवली आणि त्या मुलाला म्हटलं, हाच बांध.