दोन्ही बाह्या उजव्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पोटच्या लेकीलाही नाही. आणि आता तुम्हाला सांगते आहे ती का — तेही मला नीट कळत नाही.

सत्तर सालच्या आसपास कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत, आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत माझं मशीन. मी घरीच ब्लाऊज शिवायची. कापायला शिकवलं ते मामंजींनी. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. नजर गेली आणि कात्री माझ्या हाती आली. काळू हा त्यांचा कुत्रा. दिवसभर माझ्या पायडलजवळ पडलेला. गिऱ्हाईक आलं की उठून जागा द्यायचा, गेलं की परत तिथंच. चिंध्यांच्या ढिगात झोपायचा, पण कापडाला कधी तोंड लावलं नाही त्यानं.

कुरुंदवाडच्या सुमनताईंनी लेकीच्या लग्नाचं कापड दिलं होतं. बनारसी, जरीचं, अगदी बेताचं. मला माझ्या हाताचा फार तोरा — खुणा न करताच कापायची. त्या दुपारीही तसंच कापलं. बाह्या जोडायला घेतल्या आणि चूक दिसली. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या!

सांगता आलं नसतं का? आलं असतं. सुमनताई चिडल्या असत्या, पेठेत चार दिवस नाव खराब झालं असतं. एवढंच ना? पण मी — मी त्या बाह्या दातांनी फाडल्या. हो, माझ्याच दातांनी. काळूपुढे टाकल्या. तो हुंगून बाजूला सरकला, तर त्याच्या पंजाखाली सारल्या आणि मोठ्यानं ओरडले.

"जाऊ दे गं," संध्याकाळी ब्लाऊज न्यायला आलेल्या सुमनताई म्हणाल्या, "मुकं जनावर ते. त्याला काय कळतंय?"

त्यांनी सोडून दिलं. ह्यांनी नाही. हे रत्नागिरीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काळूच्या गळ्यात सुतळी बांधून ह्यांनी त्याला ट्रककडे नेलं. तो शेपूट हलवत चढला.

मामंजी उंबऱ्यात बसून त्या चिंध्या चाचपत होते. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, खांद्याला जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईवरून बोटं फिरवली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "दोन्ही उजव्याच हायत की गं, पोरी."

ट्रक अजून सुरू व्हायचा होता. मामंजी थांबले — मी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. नवऱ्याच्या हाताची भीती वाटली, असं म्हणून सुटता येईल. पण खरं सांगू? तेव्हा मनात मार नव्हता. पेठेत माझा हात चुकला असं कुणी म्हणू नये, एवढंच होतं.

ह्यांनी त्याला मलकापूरच्या पुढे, घाटात सोडलं. मामंजी मुलापुढे अवाक्षर बोलले नाहीत. माझी अब्रू त्यांनी राखली, काळू घालवून. माझ्या हातचं शिवण मात्र पुन्हा कधी चाचपून बघितलं नाही.

ते आणखी तीन वर्षं जगले. ह्यांचा ट्रक त्या रस्त्यावरून परतला की दर वेळी विचारायचे, "काळू दिसला काय रं?"

"न्हाय, आबा."

मी तिथंच असायची. खाली मान घालून पायडल मारत राहायची.