अक्षराचा दर

पनवेलच्या आमच्या कंटेनर-वाहतुकीच्या ऑफिसात तो माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. मालाची माहिती कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवायची, हे त्याचं काम. ती पोचवणारी नेटवर्क कंपनी अक्षरागणिक पैसे लावायची, दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा सोडायची नाही. म्हणून तो प्रत्येक संदेश छाटून छाटून पार हाडकुळा करायचा. हळूहळू बोलणंही तसंच झालं. "जेवलास का?" विचारलं तर म्हणायचा, "डबा." पुढचं आपण ओळखायचं. मला वैताग यायचा.

पुढे त्या कंपनीनं महिन्याचा ठरावीक दर लावला. शेठ म्हणाले, "आता हवं तेवढं लिही रे."

"कशाला? समजतंय," तो म्हणाला आणि छाटतच राहिला.

त्याचे वडील बरेच दिवस इस्पितळात होते. एका दुपारी ते गेले, तेव्हा मी तिथंच त्याच्याजवळ होतो. उलव्याला राहणाऱ्या भावाचा फोन लागेना, म्हणून त्यानं मोबाइलवर मेसेज लिहिला, 'बाबा त्रासातून सुटले.' पाठवण्याआधी त्याचा अंगठा सवयीनं मागे फिरला आणि मधला शब्द पुसून आला.

तासाभरात भाऊ जिना चढून वर आला. एका हातात इस्त्री केलेला सदरा, दुसऱ्या हातात वडिलांच्या चपला, आणि चेहरा नुसता फुललेला.

"सोडलं ना डाक्टरनी? चल, रिक्षा खाली उभी हाय."