ताई बरोबर असताना डॉक्टरांकडे जाणं

या जगात प्रश्न फार आणि उत्तरं कमी असण्याला माझी थोरली मेव्हणी एकटी जबाबदार आहे. रेल्वे स्टेशनच्या चौकशी खिडकीमागे बसून त्यांनी सगळी नोकरी लोकांना उत्तरं देण्यात घालवली आणि निवृत्त झाल्याबरोबर वसुली सुरू केली. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पुरानी बस्तीतल्या घरातून त्या भाजीला निघाल्या की वांगेवाल्याला वांगी कोणत्या गावची, पाणी विहिरीचं की नाल्याचं, इथपासून त्याच्या पोरीच्या दहावीपर्यंत सगळं सांगावं लागतं. इतकं विचारून त्या दोडकी घेतात. एका लग्नात त्यांनी वरबापाला आधीच्या फिसकटलेल्या सोयरिकीबद्दल विचारलं होतं. वरबापानं तेही सांगितलं. ताईंना सगळेच उत्तर देतात, कारण त्या खरोखर ऐकतात. चष्मा कपाळावर सरकवून, मान किंचित कलती करून त्या असं ऐकतात की सांगणाऱ्यालाच आपण मोठं काही सांगत असल्यासारखं वाटतं.

आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नशिबी मी आलो. मी आयुष्यात कोणाला काही विचारलेलं नाही. सरकारी कचेरीत साहेब म्हणाले की मी मान डोलवायचो. घरी तेच काम बायकोसाठी करतो. मला आमवात झाला, बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना, तेव्हाही माझी मान तेवढी बिनतक्रार हलत राहिली. डॉक्टर विचारायच्या, कसं काय अंकल, ठीक? मी मान डोलवायचो. आठवड्याची गोळी वाढवायची का? पुन्हा मान. बाहेर आल्यावर बायको विचारायची की डॉक्टर काय म्हणाल्या. मी म्हणायचो, "चांगल्या आहेत बिचाऱ्या."

मग एकदा दवाखान्यातल्या मुलीनं माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. गोळी तशीच चालू ठेवायची, तिच्या जोडीला दुसरी घ्यायची, की इंजेक्शन सुरू करायचं, हे आता ठरवायचं होतं. त्यात प्रत्येक पर्यायाचा फायदा-तोटा दिला होता, आणि शेवटी तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं असे प्रश्न होते. पुढच्या वेळी डॉक्टर ती उत्तरं आपल्या पडद्यावर बघणार आणि मग आम्ही दोघं मिळून ठरवणार. मिळून! ज्या माणसानं घरातल्या पडद्याचा रंगदेखील कधी ठरवला नाही, त्याला हे सांगत होते. मी चहा उकळेपर्यंत सगळा फॉर्म भरला. जिथे पाच पर्याय होते तिथे मधला निवडला. कचेरीतला अनुभव असा की मधल्यावर कोणी बोट ठेवत नाही.

बायकोनं हे फोनवर ताईंना सांगितलं आणि दुपारी ताई तात्यापाऱ्यात आमच्या घरी हजर झाल्या. मोबाइल त्यांनी माझ्या हातातून घेतला, उत्तरं पुसली आणि पहिल्यापासून वाचायला बसल्या. एका पानावर माणसांची शंभर छोटी चित्रं होती. औषधानं ज्यांना बरं वाटतं ती हिरवी, ज्यांना वाटत नाही ती राखाडी, आणि ज्यांना त्रास होतो ती नारिंगी. मी ते पान सुंदर रांगोळी समजून पुढे सरकवलं होतं. ताई त्या चित्रांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"जवाईबापू, यातले तुमी कोनते?"

मी म्हटलं, ते कसं कळणार.

"मंग हे डॉक्टरीनले विचाराले पाहिजे," त्या म्हणाल्या आणि आपल्या मोबाइलमध्ये प्रश्न बोलून ठेवला. असे पुष्कळ प्रश्न जमले. इंजेक्शन प्रवासात न्यायचं तर बर्फात ठेवायचं का, ताप आला तर काय करायचं, आधी टीबीची तपासणी काहून करतात. त्यांच्या तोंडून ऐकताना मला हळूहळू कळायला लागलं की हा माझाच आजार आहे.

शेवटचा प्रश्न असा होता: आजारामुळे सुटलेली कोणती गोष्ट तुम्हाला पुन्हा करता यायला हवी?

याचं उत्तर मला पाठ होतं. मला पायजम्याची नाडी स्वतः बांधायची होती. सकाळी बोटं इतकी आखडलेली असत की रोज बायको बांधून द्यायची. ती टीव्हीकडे बघत बांधायची, म्हणजे मला संकोच नको. इलास्टिकचा पायजमा तिनं आणूनही ठेवला होता, पण तो घातला की आपण कायमचे आजारी झालो असं मला वाटायचं. हे सगळं थोरल्या मेव्हणीसमोर बोलणं शक्य नव्हतं. मी ऐटीत सांगितलं, "सकाळी फिरायला जायचंय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात सकाळी फिरायला गेलो नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते लिहून टाकलं.

दवाखान्यात ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. ताईंच्या एकेका प्रश्नाला त्या खुर्ची पुढे ओढून उत्तर देत होत्या. तुम्ही शंभरातले कोणते, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, पण तीन महिन्यांनी कळेल आणि तेव्हा औषध बदलताही येईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचं उत्तर वाचलं आणि माझे हात तपासले. चालणं तर तुमचं ठीक दिसतंय, तेवढंच हवं असेल तर आहे ती गोळी चालू ठेवता येईल, इंजेक्शनची जोखीम घ्यायलाच हवी असं नाही, पण बोटांची सूज मला बरी वाटत नाही, असं म्हणून त्यांनी विचारलं, "अंकल, सच में यही चाहिए आपको?"

माझी मान डोलायला निघाली होती. तेवढ्यात ताई उठल्या. हे अ‍ॅप मराठीत मिळते का, ते बाहेरच्या पोरीले विचारून येते, म्हणाल्या आणि गेल्या. चालू बोलणं अर्धवट सोडून ताई उठल्याचं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. दार लागलं. मी डॉक्टरांना नाडीचं सांगितलं. हिंदीत पायजम्याला नाडा असतो आणि नाडी म्हणजे फक्त नस, त्यामुळे त्यांनी आधी माझं मनगट धरलं. मग मला हातवारे करून समजवावं लागलं. त्या हसल्या नाहीत. हात महत्त्वाचे असतील तर थांबण्यात बोटं वाकडी व्हायचा धोका आहे, असं म्हणून त्यांनी इंजेक्शनची भीती कशाची वाटते ते विचारलं. मी सुईची म्हणालो. त्यांनी सुई दाखवली. आम्ही इंजेक्शन ठरवलं. आम्ही, म्हणजे मीसुद्धा.

ऑटोत बसल्यावर मी वाट बघत होतो. ताईंनी ऑटोवाल्याला त्याचं गाव विचारलं, भाडं काहून वाढलं ते विचारलं, पण आत काय बोलणं झालं हे मला विचारलं नाही. पुढे प्रत्येक तपासणीला सोबत आल्या, तरी कधी विचारलं नाही.

इंजेक्शन मला लागू पडलं. पावसाळा सरता सरता एका सकाळी नाडीची गाठ बसली. सैल होती, पण माझी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बायकोनं एकदा खाली बघितलं आणि म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला." तिनं त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली.

ताई यंदा लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. गुडघ्यांना पुरानी बस्तीतल्या घराचा जिना झेपेना. तिकडे त्यांच्या प्रश्नांना वेळ कोणाला असेल, याची मला काळजी वाटते. परवा मी तपासणीला एकटाच गेलो. डॉक्टरांनी सवयीनं आधी शेजारी बघितलं, मग माझ्याकडे. मी घसा साफ केला आणि विचारलं की आता बरं आहे, तर दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येईल का. बऱ्यापैकी प्रश्न होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं नीट समजावून सांगितलं. ते ताईंना कळलं का, हे बघायला मी वळलो, तर खुर्चीवर माझी रिपोर्टांची पिशवी होती.