लीनाचा पुढचा पाय

“बघा, दुखत नाही!” असं म्हणत लीनाने माझ्या ट्रीटमेंट टेबलवरून उडी मारली आणि एका पायावर गिरकी घेतली. टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या.

लीना स्वीडनची, शंभर मीटर धावणारी. वय एकतीस, म्हणजे स्प्रिंटरच्या हिशेबात आजीबाई. २००५-०६च्या सुमारास मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला फिजिओ होतो आणि ती तिथे ट्रेनिंग घ्यायची. तीन आठवड्यांपूर्वी तिचा डावा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, थोडा फाटला होता. शनिवारची रेस ही त्या वर्षीच्या स्वीडिश टीममध्ये जायची शेवटची संधी. फिटनेसच्या फॉर्मवर मी ‘फिट’ लिहिलं तरच ती धावणार. आणि स्नायू कच्चा असताना धावली, तर करिअरच आटोपणार.

तिचा इंग्लिश कोच ब्रायन म्हणाला, “करून टाक सही, मेट. ठणठणीत आहे ती.”

“ट्रॅकवर बघतो, मग करतो.”

लीनाने स्टार्टिंग ब्लॉक्स लावले. सुटताना पाय रेटायचे ते तिरके ठोकळे. त्यातल्या पुढच्या पायाला जोर जास्त वेळ लावावा लागतो. कुठला पाय पुढे, हे प्रत्येकाचं वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. लीनाचा डावा. आज मात्र उजवा पुढे होता.

“लीनाबाई, पाय बदललात?”

“सहज. चेंज म्हणून.”

“नाश्त्याला बारा वर्षं तेच दही खाणारी तू, आणि आज चेंज?”

ती हसली नाही.

“नेहमीच्या पायाने सुटून दाखव. अर्ध्या स्पीडने.”

ब्रायनने शिट्टी वाजवली. तिसऱ्या पावलाला ती मांडी धरून थांबली आणि तिने स्वीडिशमध्ये माझा उद्धार केला. शब्द कळले नाहीत. भावना पोचल्या.

मी ‘अनफिट’ लिहिलं. टीममधली जागा हुकली. लीना रडली, माझ्याशी बोलेनाशी झाली. ट्रीटमेंटला मात्र दोन मिनिटं आधी हजर. स्वीडिशच ती!

पुढच्या उन्हाळ्यात ती आयुष्यातली सगळ्यात फास्ट रेस धावली आणि टीममध्ये गेली. तीही उजवा पाय पुढे ठेवून! माझ्यापासून दुखणं लपवता लपवता तिला शोध लागला होता, की तिचा स्टार्ट तसाच जास्त चांगला होतो.

“माझीच आयडिया,” ब्रायन भेटेल त्याला सांगत होता.

मी एवढंच शिकलो: पेशंटची थाप जरूर पकडावी, पण फेकून देण्याआधी ती कामाची आहे का, तेही तपासावं.