पंख्याचा पट्टा

मोटार चालवायला शिकवणाऱ्या माणसाला आमच्या चांद्यात उस्ताद म्हणत, आणि उस्ताद म्हणवून घेताना आम्ही सगळेच जरा फुगायचो. मीही फुगायचो. सरकारी मोटारींवर नवे ड्रायव्हर तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझी तिशीही उलटली नव्हती. पण आज म्हातारपणी खरं सांगायचं तर आमची ती उस्तादी अर्धी विद्या होती आणि अर्धी लबाडी. कुणाला राग येत असेल तर खुशाल येऊ दे.

मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, ही गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उस्तादांनी ती पोथीसारखी पाळली. प्रत्येकजण एक तरी हिकमत शागिर्दापासून लपवायचा. शागिर्द सवाई निघाला तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती. माझे उस्ताद चांद्याच्या जुन्या वस्तीतले, खाजगी मोटारींच्या काळापासूनचे. त्यांनी राखून ठेवलेली हिकमत नाल्यातली होती.

आलापल्लीकडच्या रस्त्यावर तेव्हा पूल थोडे आणि नाले फार. गाड्या पेट्रोलच्या. गाडी पाण्यात घातली की इंजिनापुढचा पंखा पाणी उडवतो, ते ठिणगीच्या तारांवर पडतं आणि गाडी भर नाल्यात बंद. उस्तादांची गाडी मात्र कधीच बंद पडली नाही. काठावर गाडी थांबवून ते सगळ्यांना खाली उतरवायचे आणि म्हणायचे, "चला, पुढे व्हा. पानी को हात जोडो." प्रवासी, कंडक्टर, शागिर्द, सगळे पाण्यापाशी जाऊन हात जोडायचे. कुणी फूल वाहायचं, कुणी हळदकुंकू. तोवर मागे उस्ताद बॉनेट उघडून पान्याने पंख्याचा पट्टा उतरवून मोकळे. पंखा फिरलाच नाही तर पाणी उडेल कशाला? पलीकडे गेल्यावर 'इंजिन जरा पाहतो' म्हणत ते पट्टा परत चढवायचे. लोकांना वाटे, या माणसाच्या हाताला सिद्धी आहे. मी तीन वर्षं इमानेइतबारे हात जोडले. चौथ्या वर्षी मान वळवून पाहिलं.

आणि पुढे मी स्वतः उस्ताद झालो तेव्हा काय केलं? तेच. निर्लज्जासारखं तेच.

माझ्याकडे शिकायला आलापल्लीच्या बाजूचा एक गोंड माणूस आला. आधी सागाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर होता. दोन लेकरांचा बाप, बोलायला कमी. गिअर असा बदलायचा की मागे बसलेल्याला पत्ता लागू नये. त्याच्या समाजातला एकही ड्रायव्हर तोवर आमच्या डेपोत नव्हता, आणि कचेरीतल्या पुष्कळांना तो डोळ्यांत खुपत होता. मी त्याला पास केलं. पट्ट्याचं काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. एकट्याने गाडी न्यायची त्याची ती दुसरीच खेप. नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी. काठावर त्याने गाडी थांबवली, माणसं उतरवली, हात जोडले आणि गाडी पाण्यात घातली. मध्यावर ती बंद पडली. तो हँडल मारत राहिला, वरून लोंढा आला तरी गाडी सोडीना. शेवटी लोकांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं आणि डोळ्यांदेखत गाडी आडवी झाली. माणूस कुणी गेलं नाही. त्याचा ड्रायव्हरचा बिल्ला मात्र जमा झाला आणि चौकशी बसली.

त्याच सुमारास खात्याच्या नव्या साहेबांनी जिल्ह्यातल्या आम्हा चार उस्तादांना चांद्याला बोलावलं, त्यांत माझे उस्तादही होते. प्रत्येकाने आपली शिकवण्याची रीत सांगावी, चांगलं ते सगळ्यांनी घ्यावं, असा त्यांचा विचार. विचार सोन्यासारखा होता. पण त्याच बैठकीत एक कागदही फिरणार होता, हे मला कचेरीतून आधीच कळलं. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, त्याला कामावरून काढावं, आणि जंगलातली माणसं यापुढे ड्रायव्हर म्हणून घेऊ नयेत. खाली आम्हा चौघांच्या सह्या.

बैठकीच्या सकाळी माझा तो शागिर्द डेपोच्या शेडखाली बसला होता. मी विचारलं, "काऊन रे, पाण्यात घालायच्या आधी काय केलं होतं तू?"

"तुमी करता तेच केलं, भाऊ. हात जोडले. मनापासून जोडले. माह्याच हातून काई चुकलं असन."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे ऐकवेना. तिथून उठलो तो सरळ बैठकीत.

बैठकीत चार उस्ताद बसले आणि चौघांनी मिळून साहेबांना जे सगळ्या जगाला ठाऊक तेच सांगितलं. गाडी हळू चालवा, वळणावर हॉर्न द्या. मग कागद आला. माझ्या उस्तादांनी पहिली सही केली. दोघांनी त्यांच्यामागे केली. माझ्यापुढे आला तेव्हा मी तो परत सरकवला.

"मी सही करणार नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. मी त्याला पुरतं शिकवलंच नाही."

उस्तादांनी टेबलाखालून माझी बाही ओढली. "चूप बैठ. आपल्याच पोटावर पाय देऊन राह्यला तू."

मी आणखी मोठ्याने बोललो. साहेबांना पट्ट्याचं प्रकरण कळेना, तेव्हा सगळ्यांना आवारात नेलं, एक गाडी चालू करून बॉनेट उघडलं आणि बादलीभर पाणी फिरत्या पंख्यावर ओतलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तारा पुसून कोरड्या केल्या. मग त्या शागिर्दाला बोलावून त्याच्या हातात पाना दिला. "हा बोल्ट ढिला कर. पट्टा काढ." दोन मिनिटांत त्याने काढला. पुन्हा गाडी चालू, पुन्हा बादली. इंजिन धडधडत राहिलं. मेकॅनिक, कंडक्टर, गाडीची वाट पाहणारे प्रवासी, सगळे भोवती जमले होते. मी मुद्दामच सगळ्यांसमोर केलं ते.

साहेबांनी बाकीच्या तिघांना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" माहीत नाही, असं एकजणही म्हणाला नाही.

"मग दोष कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या," मी म्हणालो. "आणि ती जंगलातल्या माणसांची ओळ खोडा. नाले त्यांचे, रस्ते त्यांचे, आणि गाडी चालवायला तेच नालायक?"

साहेबांनी कागद मागवून घेतला. मग ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. शागिर्दाला बिल्ला परत मिळाला. माझं शिकवण्याचं काम गेलं आणि मला सिरोंच्याच्या लाईनवर ड्रायव्हर म्हणून धाडलं. उस्ताद माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्याचं वाईट वाटलं, फार वाटलं. त्यांच्याच हाताखाली मी माणसात आलो होतो. पण पस्तावा? छट्! तेव्हा नव्हता, आज नाही.

सिरोंच्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या घरी आला. छातीवर बिल्ला. मला वाटलं, आता पाया पडेल, उपकार झाले म्हणेल. मी नको नको म्हणायची तयारी करूनच बसलो होतो. तो दारातच उभा राहिला. पाया पडला नाही. माझ्या डोळ्याला डोळा लावून म्हणाला, "भाऊ, अजून काई लपवून ठेवलं असन तं आत्ताच सांगा. मले उद्या गाडी न्यायची हाय."

मला राग आला. माझं काम गेलं ते याच्यापायी, आणि हा मला जाब विचारतो! तोंडाशी आलेलं गिळलं, कारण विचारत होता ते खरं होतं. अजून दोन गोष्टी मी राखून ठेवल्या होत्या. त्याला बाजेवर बसवलं आणि दोन्ही सांगितल्या.