मधली खुर्ची

नामांतराचे दिवस होते. चौकात पोलिसांची गाडी उभी होती, तरी कॉलेजच्या हॉलमध्ये फुकटचा परदेशी सिनेमा लागला होता. मी उशिरा पोचलो. एकच खुर्ची रिकामी होती. तिच्या उजवीकडं कारखान्याच्या खाकी शर्टातला तरुण, डावीकडं खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा. हा मेंढरांमागचा माणूस इथं कसा, मला कळेना.

पडद्यावर बाप आणि मुलगा एका टेबलावर मुकाट्यानं जेवत होते. कितीतरी वेळ. म्हातारा घोंगडीची लोकर उपटून बोटांत वळत होता. वळून झाली की पुन्हा उपटायचा.

"ह्यांच्या घरात बाई नाय व्हय?" त्यानं मला विचारलं.

खालची इंग्रजी ओळ वाचून मी म्हणालो, "आई वारलीय त्याची."

"मग बोलायचं कुणाच्या तोंडून?"

बाहेर घोषणा सुरू झाल्या. तरुण ताडकन उठला. म्हाताऱ्यानं पडद्यावरची नजर न काढता घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली.

"त्याला सांगा, मोर्चात जायचंच असंल तर ही अंगावर घे म्हणावं. काठी कमी लागती."

मी उजवीकडं वळलो. तरुणानं सगळं ऐकलं होतं, पण तोही माझ्याशीच बोलला.

"त्यांना विचारा, मग रानात ते काय पांघरणार?"

तो गेला नाही आणि बसलाही नाही. घोंगडी माझ्या मांडीवर तशीच. मी त्यांच्या घरातल्या बाईच्या जागेवर बसलो होतो.